मागच्या दाराने आलेले फोनवाले

२ नोव्हेंबर १९९८, सोमवार
आज सकाळीच आली केशरबाई, खाडीकडच्या दाराने, जवळ्याची टोपली घेऊन. विचारते, तुझी नात ठाण्याला करते काय? म्हटलं, चित्रा नौपाड्यात इंटरनेटच्या हापिसात राउटर सांभाळते. राउटर म्हणजे नाक्यावरचा हवालदार. प्रत्येक निरोपावर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो, पण लबाड लोक दुसऱ्याचाच घालतात. म्हणून राउटर बघतो, या पत्त्याकडे परत जायची वाट कुठल्या दाराने? निरोप त्याच दाराने आला तर आत. नाहीतर फेकून देतो, बोलतसुद्धा नाही. मला एका दमात कळलं, चौथी शिकलेली मी. केशरबाईला नाही कळलं. बर्फातली सुरमई ताजी म्हणून विकते ती.

३ नोव्हेंबर, मंगळवार
आपल्या घराला दारं दोन. आजपासून राउटर मीच. कोळीवाड्यातले खाडीकडून, बाकी सगळे रस्त्याकडून. लेक शकू सासरहून आली ती मागून. वळसा घालून पुढून यायला लावलं. रागावली, पण आली. शिस्त लागतेय.
महिनाअखेरपर्यंत घरी फोन लागला तर चित्राची नोकरी पक्की. घरून राउटर बघता यायला हवा ना. नंबर लावलाय ९२ साली. येणारच.

५ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळी ११
दोन लबाड पकडले. खाडीकडच्या दारात उभे, खांद्यावर वायर, म्हणे टेलिफोनमधून आलोय. टेलिफोनचं हापिस स्टेशनाकडे, मग यायचं रस्त्याने. कडी लावली. बोललेसुद्धा नाही.
दुपारी ४
रस्त्याकडून एक भला माणूस आला, टेलिफोनवालाच. बरोबर दार. भाकरी, सुकटीची चटणी, दोनदा चहा. वायर किती लागेल ते मोजायला माझी कपड्यांची दोरी घेऊन गेला.

६ नोव्हेंबर, शुक्रवार
दोरी आली नाही. चित्राला मागच्या दाराला टेलिफोनवाल्यांचा कागद अडकवलेला मिळाला, घरात कोणी नाही असं लिहिलेला. टेलिफोनचा खांब खाडीकडे आहे, खरे टेलिफोनवाले सकाळचे तेच दोघे होते. ओरडली नाही, तेच वाईट. डोकं धरून बसली, मग म्हणाली, "आजी, हापिसातपण अस्संच झालं गं. आपलीच गिऱ्हाईकं दुसऱ्या वाटेने आली, राउटरने फेकली. नियम मीच घातलेला."
म्हणजे चूक राउटरची. मी नीटच केलं होतं.

९ नोव्हेंबर, सोमवार
आता दोन्ही दारं उघडी. मांजराने जवळा खाल्ला.
टेलिफोनच्या हापिसात जाऊन साहेबाला सगळं समजावलं, राउटरसकट. फायली चाळत ऐकत होता, कळलं असावं. ते दोघे तिथेच भेटले. गुरुवारी येतो म्हणाले. मी लगेच विचारलं, कुठल्या दाराने? म्हणाले, तुम्ही म्हणाल त्या. फार गोड माणसं.
कुठल्या गुरुवारी, ते विचारायचं राहिलं.