दम देण्याचा नियम

प्रिय बारक्या,

तुझं पाकीट मिळालं. आपल्या खेळाच्या नियमांचा नवा मसुदा सगळा वाचला. एका दमात नाही, तेवढा आता माझ्यात उरलेला नाही. हस हवं तर. फुप्फुसं कडक होत चाललीत म्हणे. खाटेवरून खिडकीपर्यंत गेले तरी धाप लागते, आणि नाकातली नळी काही निघत नाही. डोकं मात्र शाबूत आहे, त्यामुळे तुझ्या चुका अजून दिसतात.

आधी कौतुक. बांबूच्या शेंड्यांवरची लढाई झकास जमलीय. पडण्याच्या भीतीसाठी वेगळा फासा, हे मला सुचायला हवं होतं. इथल्या नर्सबाईंनी विचारलं, एवढं काय वाचता? मी सांगितलं, जुन्या चिनी कथांतले असतात ना, छपरांवरून उडत जाणारे तलवारबाज, तसा खेळ मी आणि माझा भाऊ करतोय. टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी आपापला योद्धा होऊन फासे टाकायचे. त्या म्हणाल्या, म्हणजे मोठ्यांची भातुकलीच की! लागलं जरा, पण खोटं नाही.

पहिल्यांदा खेळून पाहिलं तो दिवस आठवतो? योद्ध्याची ताकद मोजायला आपण 'दम' हा शब्द घेतला आणि ऐटीत लिहिलं, जखमी साथीदाराला दम देता येतो. झालं! तुझा तो टकलू मित्र आणि आपली मावशी, दोघंही मरायला टेकलेल्या योद्ध्याला दम द्यायला लागले, ऊठ, नाहीतर तंगडं मोडून ठेवीन! मावशीने तर असे हात नाचवले की फासे टेबलाखाली गेले. तू हिरमुसलास आणि 'श्वास' लिहायला निघालास. मीच अडून बसले. श्वास नुसता नाकातून येतो-जातो; दम धरावा लागतो, कधी खावा लागतो.

खरा घोळ पुढेच झाला. मावशीची म्हातारी तलवारबाज कोसळली की कुणीतरी तिच्या पाठीला तळवे लावून आपला दम तिच्यात ओतायचं. ती उठायची, पुन्हा पडायची. शेवटी शेवटी तिला तलवार उचलता येईना, बोलता येईना, पण नियमाने मरताही येईना. मावशी वैतागून म्हणाली, अरे, जाऊ द्या की तिला आता. सगळे हसले. मला हसू आलं नाही. माझा खोकला तेव्हाच सुरू झाला होता.

म्हणून मी भर घातली, घेणाऱ्याने नको म्हटलं तर द्यायचा नाही. नव्या मसुद्यात तू नेमकं तेच खोडलंस. शेजारी लिहिलंस, कथांमधला शिष्य गुरूला विचारत बसत नाही. आणि योद्धा बेशुद्ध असेल तर नको म्हणणार कसा? मुद्दा बिनतोड आहे. पण तू खेळाबद्दल भांडत नाहीयेस, हे न कळायला मी काही दुधखुळी नाही. आईबाबांमागे तुला मी वाढवलं, आता तू मला धरून ठेवायला नियम लिहितोयस. राग येतो तुझा. इतका हट्ट माझ्यासाठी दुसरं कुणी करणार नाही म्हणून रडूही येतं.

काल डॉक्टरांनी विचारलं, शुद्ध हरपली तर निर्णय कोण घेणार? मी तुझं नाव सांगितलं. घशात नळी घालून यंत्रावर ठेवता येईल, पण त्यावरून मी परत यायची नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलंय. ते तुला फोन करतील. तू नको म्हण. मावशीला हे जमलं असतं, ती काळजावर दगड ठेवून बोलली असती. पण तिच्या तोंडून ते आलं, तर तू तिला जन्मभर माफ करणार नाहीस, आणि माझ्यानंतर तुला तीच एक उरते. म्हणून तूच.

तुझीच,
ताई