रेघेच्या खालचं वाचू नकोस

विश्रामबाग, सांगली
शुक्रवार, १३ डिसेंबर १९७४

ती. मनूअक्का,

नाथाजीचा नमस्कार. तुझं पत्र काल आलं आणि आज मी उत्तर लिहायला बसलोय, यावरून काय ते ओळख. एरवी महिनाभर शिव्या खाल्ल्याशिवाय माझ्याकडून कार्ड सुटत नाही. मी बरा आहे. साताऱ्याहून आईचं पत्र होतं, तिच्या डोळ्याला आता आराम आहे. दाजींची सुट्टी मंजूर झाली का, ते कळव.

आधी बनाबाईंचं काम. हे पत्र त्यांचा भाऊ धुळा घेऊन येतोय. त्याला आणि बनाबाईंना समोर बसव आणि रेघेपर्यंतचा मजकूर मोठ्यानं वाच. रेघेच्या खालचं वाचू नकोस, ते तुझ्यापुरतं आहे.

बनाबाई, तुमचा भाऊ खोटं बोलत नाही. तुमचे मालक कोंडीबा गेल्याचा निरोप त्याला रविवारी संध्याकाळी माधवनगरच्या गिरणीत मिळाला. सोमवारी पहाटे तो हिवरवाडीला यायला निघाला होता. स्टँडवर चहाच्या गाड्यापाशी कुणीतरी पेपर वाचत होतं. गावाचं नाव कानावर पडलं म्हणून धुळानं त्याला पुढचं वाचायला लावलं. काल ओढ्यावरचा पूल खुला झाला आणि कोंडीबा ढोलावर धनगरी गजी नाचले, असं त्यात छापलं होतं. निरोप आणणाऱ्यानं दुसऱ्याच कुणाचं तरी सांगितलं, असं धुळाला वाटलं. तो खुशीत कामावर परत गेला. म्हणून तो तिसऱ्याला आला नाही, एकदम दहाव्याला आला. पेपराचं कात्रण सोबत आहे. छापखान्यात चूक झाली, तिची मी माफी मागतो. धुळानं आणलेलं दुखवट्याचं लुगडं परत करू नका.

————————————

अक्का, आता तुझ्याशी.

मला या धंद्याचा वीट आलाय. आकाराम हवालदाराच्या पुलावर मी चार पानं लिहिली होती. फौजेत शिकलेलं डोकं त्यानं गावच्या ओढ्यावर कसं चालवलं, साखर कारखान्याच्या भंगारातला तारेचा दोर कसा मिळवला, पावसाळ्यात पलीकडच्या मुलींची शाळा कशी बुडायची, ते सगळं. तुझ्या पटावरचे आकडेसुद्धा घातले होते. छापून आलं काय? सभापतींचं नाव त्यांच्या तिन्ही पदांसकट, आणि खाली कोंडीबाचा नाच. पूल एका ओळीत उरकला. गेल्या महिन्यात इथल्या बायकांनी गल्लीतल्या कचऱ्याचं खत करून बाग उभी केली, ते लिहून नेलं, तर संपादक म्हणाले, "कचऱ्यात कसली बातमी, जगदाळे?" हौशी नाटकवाल्यांवर लिहिलं, तर त्या जागी दंतमंजनाची जाहिरात. आणि जे काही छापतात त्याच्यावर "आमच्या वार्ताहराकडून". पाच वर्षं झाली, माझं नाव एकदाही नाही. गावोगाव हिंडायचं मी, आणि वार्ताहर त्यांचा!

तू म्हणशील, विषय बदलू नकोस. बनाबाईंनी तुला विचारलं, "मास्तरीणबाय, तुमचा भाऊ तवा कुठं हुबा हुता?" आणि त्याच्याखाली तू लिहिलंस, मीही तुला शोधत होते.

अगं, मी पलीकडच्या काठाला बाभळीपाशी उभा होतो. गाडी चुकेल म्हणून भेटलो नाही.

वरच्या दोन ओळी मी खोडल्यात. नीट खोडल्या गेल्या नाहीत, तुला वाचता येतील.

बुधवारी धुळा माझ्या खोलीवर आला होता. दारातच उभा राहिला, बस म्हटलं तरी बसेना. म्हणाला, "तुमीच लिवलंय न्हवं त्ये? आवं, भन म्हनती, मेलेल्या मानसाला पेपरात कोन नाचवंल? न यायचं निमित्त काढलंस, म्हनती. लुगडं उंबऱ्याभायेर ठिवलं तिनं. तुमी तिला एवढंच सांगा, की छापलं हुतं. मला दुसरं काय नगं."

मी त्याला म्हटलं, जुळाऱ्याची चूक आहे.

"जुळारी म्हंजी?"

छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून अक्षरं बसवतो तो, असं मी समजावलं. मग धुळा अगदी साधेपणानं म्हणाला, "त्यो आलता व्हय पुलावर? दाजीचा डावा गुडघा दुखायचा, त्यो धरून दाजी कसा गिरकी घ्यायचा, ह्ये त्येला कसं म्हाईत?"

अक्का, तो टोमणा नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं.

तर ऐक. मी त्या रविवारी आलोच नाही. बातमी शनिवारी दुपारीच लिहून एसटीच्या कंडक्टरकडे दिली होती. आम्ही सगळे असंच करतो. निमंत्रणपत्रिका समोर ठेवायची, पाहुण्यांची नावं उतरवायची, "थाटात पार पडला" लिहायचं आणि पाकीट गाडीवर टाकायचं. कार्यक्रम पत्रिकेत छापल्यासारखाच होतो, कधी कुणाची तक्रार येत नाही. आणि शनिवारी संध्याकाळी कोंडीबा गेले. रविवारी आकारामानं सभापतींची गाडी फाट्यावरनंच परत पाठवली, ढोल बांधून ठेवले, आणि तू पोरांना धरून गुपचूप पुलावरून नेलंस. रविवारचं हे सगळं मला तुझ्या पत्रातून कळलं, बाराव्या दिवशी. वार्ताहर म्हणे!

मी होतो महाबळेश्वरला. पुण्याच्या एका साप्ताहिकाचे संपादक तिथं हॉटेलात उतरले होते, त्यांना पगारी माणूस हवा होता. दोन तास व्हरांड्यात बसलो. ते बाहेर आले, माझी कात्रणं चाळली आणि म्हणाले, यावर तुमचं नाव कुठंच नाही, तुम्हीच लिहिलं कशावरून? या प्रश्नासाठी मी त्या रविवारचं तुझ्याकडचं जेवण चुकवलं.

नाचाच्या त्या चार ओळी मात्र खोट्या नव्हत्या गं. आठ दिवस आधी मी आलो होतो ना, तेव्हा देवळापुढं तालीम चालली होती. कोंडीबा ओट्यावर बसूनच होते. मग ढोल चढला तसे उठले. डाव्या हातानं गुडघा धरला, उजव्या हातातला पिवळा रुमाल वर केला आणि अशी गिरकी घेतली की तरणी पोरं थांबून बघायला लागली. मला म्हणाले, "लिवून घ्या. पुलावर ह्याच्या दुप्पट नाचतो." मी वहीत लिहून घेतलं. पाच वर्षांत इतकं चांगलं मला लिहिता आलं नव्हतं, आणि ते छापून यावं म्हणून मी फार अधीर झालो होतो. त्यावर फक्त "रविवार" घालायचा होता, तो शनिवारी घातला.

खुलासा छापा म्हणून काल संपादकांना भेटलो. ते म्हणाले, "एका धनगराच्या नाचापायी पेपराचं हसं करू काय? गावात कुणाला वाचता येतं?" मी म्हटलं, माझ्या बहिणीला येतं. तुमची बातमी यापुढं आमच्याकडे नको, म्हणाले. बरं, म्हटलं. तेवढं एकच वाक्य मी तिथं धड बोललो.

आता वर जाऊन बघ, रेघेच्या वर मी काय लिहिलंय ते. "छापखान्यात चूक झाली." बनाबाई हे ऐकतील आणि धुळासारखंच विचारतील, त्या छापणाऱ्याला गुडघा कसा ठाऊक? नवऱ्याचा गुडघा त्यांनी चाळीस वर्षं शेकलाय. मग त्यांना वाटेल, भावानं आणि पेपरवाल्यानं मिळून गोष्ट रचली. लुगडं उंबऱ्याबाहेरच राहील. धुळाला मी सोडवायला निघालो आणि परत अडकवून ठेवलं.

म्हणून ती रेघ मी आता खोडतोय, अक्का. सगळं वाच. महाबळेश्वरचं वाच, बाभळीचं खोडलेलंही वाच. आवाज खाली आणू नकोस. बनाबाईंना सांग, माझा भाऊ कुठं उभाच नव्हता. धुळा मात्र निघाला होता, त्याला वाटेवरून मी परत फिरवला. पिवळ्या रुमालाचं त्यांना शेवटी वाच, आणि तो तालमीचा दिवस होता हे आधी सांग.

मी स्वतःच यायला हवं. येईन. पण आधी हे वाचून होऊ दे. समोर बसलो की मी गोड बोलून निसटतो, हे तू लहानपणापासून बघत आलीस.

धुळाला यातलं काही ठाऊक नाही. पाकीट जपून न्या, एवढंच सांगणार आहे. तो नेईल.

खालचं नावही वाच, पूर्ण वाच. वार्ताहर म्हणू नकोस.

तुझा, त्या दिवशी न आलेला भाऊ,
नाथाजी केरबा जगदाळे