उठला आहे, चहा दिला का?

प्रिय आई,
ईस्टरचा सलाम!

मी बरी आहे, खोकलाही जवळजवळ गेला. तुझा गुडघा कसा आहे? "बाबा पुन्हा भेटतील ना गं?" या, बाबा वारल्यावर तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी टाळलं होतं. खोटा धीर देववेना.

आज पहाटे उपासनेत पाळकसाहेब गरजले, "प्रभू उठला आहे!" "खरोखर उठला आहे" हे ठरलेलं उत्तर द्यायचं सोडून मी पेंगत बोलले, "चहा दिला का?" बाबांच्या आजारपणात तू "उठले गं" म्हणालीस की मी विचारायचे, तस्संच!

सगळे हसले. शेजारीण म्हणाली, "थांब बाई, आत्ताच उठलाय!"

मी मात्र थरारले. मेलेल्याचा चहा कोण विचारतं? विचार करायच्या आधीच, तो जिवंत आहे यावर माझा विश्वास बसला होता! नंतर शंका काढून पाहिल्या. एकही टिकली नाही.

तो उठला, म्हणजे बाबाही उठतील. भेटतील, आई. या वेळी धीर देत नाही, कळवते आहे.

तुझीच,
थोरली