एकशे बारा नावांची वही

मी, दत्तप्रसाद वामन केळशीकर, वय सत्तावन्न, व्यवसाय बातमीदारी, राहणार अजमान, हे स्वखुशीने व कोणाच्या दडपणाखाली न येता लिहून ठेवतो. मंगळवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला. पत्नी साधना हिने त्यावर मत देण्याचे टाळले.

१. पुण्याचा फ्लॅट, बँकेतील शिल्लक आणि गाडी साधनाची. गाडीचा एसी तसाही फक्त तिचेच ऐकतो.

२. माझे संस्कृत कोश धाकटा भाऊ सुजीत यास. पाठशाळेतल्या स्पर्धेत त्याने मला मागून चुकीचा चरण सांगितला होता. क्षमा केली आहे, विसरलेलो नाही.

३. निळी वही. हिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. २०११ साली एका मासिकासाठी मी पॅसिफिकमधल्या एका बेटावर गेलो होतो. तिथल्या माणसांवर त्यांच्या लहानपणी अणुचाचणीची राख पडली होती. तेव्हापासून दरवर्षी जहाजातून डॉक्टर येत, गळे चाचपत, रक्त नेत. प्रत्येकाला नंबराचे कार्ड दिलेले. निकाल कोणालाच मिळत नसे. लिवाना नावाच्या आजी मला म्हणाल्या, "पन्नास वर्षं माझं रक्त परदेशी जातंय. त्याचं पत्र एकदाही आलं नाही." दुभाषी हसला. आजी हसल्या नाहीत.

मी घरोघर फिरून एकशे बारा जणांची कार्डे पाहिली आणि नंबर व नावे उतरवली. उच्चार नेमके राहावेत म्हणून देवनागरीत. माझी ही विद्वत्ता तिथे कोणालाच वाचता येत नाही.

पुढे भरतीचे पाणी वस्तीत शिरले आणि कार्डे गेली. आता त्या डॉक्टरांचे कार्यालय निकाल द्यायला तयार आहे, पण नंबर मागते. यंदा मार्चमध्ये आजींनी पत्र लिहून विचारले, वही आहे का. मी कळवले, शोधतो. वही टेबलाच्या खणातच होती. मला तिच्यावर पुस्तक लिहायचे होते. त्याआधी नावे बाहेर जाऊ नयेत असे वाटत होते. हे आजवर कोणाला सांगितलेले नाही.

सबब, माझ्या मृत्यूनंतर साधनाने नावे मोठ्याने वाचावीत व मुलगी ईशानी (हिला देवनागरी वाचता येत नाही) हिने ती इंग्रजी लिपीत उतरवून बेटावर पाठवावीत.

इथवरचा मसुदा मी घरात वाचून दाखवला. ईशानीने विचारले, "बाबा, हाउ ओल्ड इज शी?"

"एक्क्याऐंशी."

"सो शी हॅज टु वेट फॉर यू टु डाय?"

या माणसांनी अजून किती थांबायचे, हाच प्रश्न त्या डॉक्टरांना विचारायला मी समुद्र ओलांडून गेलो होतो. मी खणातून वही काढली.

४. कलम तीनमधील 'सबब'पासूनची आज्ञा रद्द. खाली सही केली आहे. नावे पाठवण्याचा माझ्या मृत्यूशी संबंध नाही. वही ईशानीला आजच दिली.

५. नियोजित पुस्तकाचे हक्क कोणाकडे जावेत, हा प्रश्न उद्भवत नाही. ते लिहिलेले नाही.

हे लिहीत असताना शेजारच्या खोलीत साधना वाचते आहे आणि ईशानी टाईप करते आहे. आजींचा नंबर सत्तावीस. तो सर्वांआधी पाठवला. आता दोघी अडतिसाव्या नावावर आहेत, आणि साधना मला हाक मारून विचारते आहे की हे अक्षर माणसाचे आहे का.

सही: द. वा. केळशीकर

आमच्या समक्ष सही केली:
बिलकीस अन्सारी, औषधविक्रेती, शेजारीण
समाधान बाबाजी तांबे, सुतार, रास अल खोर

अजमान, रविवार, १४ सप्टेंबर २०२५