भूमिदेव पाच वेळा हसला

सौ. मानली ताईस,

चीगूहून तुझ्या धाकट्या मावसबहिणीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मान जेवढी वळते तेवढंच. सहा वर्षांनी गिटारचा पट्टा खांद्यावर चढलाय, त्यामुळे डावी बाजू सध्या माझं ऐकत नाही.) तुझी तब्येत कशी आहे? भावजींचं गाद्यांचं दुकान कसं चाललंय? सासूबाईंचा गुडघा अजून हवामान सांगतो का? सांगत असेल तर मागच्या थंडीच्या लाटेची वर्दी आम्हाला आधी द्यायला हवी होती. या पत्रातला सगळा घोळ त्या लाटेपासूनच सुरू होतो.

मी नाश्त्याच्या दुकानातली नोकरी सोडली आणि पुन्हा गाणी करायला लागले, हे मावशीने तुला कळवलंच असेल. (तिने "पेइचनच्या डोक्यावर परिणाम झालाय" असं कळवलं असेल. अर्थ तोच.) तू लग्न करून अकॉर्डियनसकट तैचुंगला गेलीस आणि आपली जोडी संपली, याचा मला मुळीच राग नाही. मी निमूट सहा वर्षं तव्यावर अंड्याच्या पोळ्या उलटत होते. पण एके सकाळी पोळी उलटताना डोक्यात एक चाल आली आणि पोळी जळली. दुसऱ्या दिवशी चालीला शब्द आले आणि आणखी पोळ्या जळल्या. शेवटी मालकीणबाई म्हणाली, "बाई गं, एक तर गा, नाहीतर अंडी कर. तुझं दोन्ही करपतंय." म्हणून सोडलं.

आधी तैनानच्या एका कॅफेत गेले, तिथे शनिवारी गाणारे लोक लागतात असं ऐकलं होतं. तिथला व्यवस्थापक आपल्या जुन्या गिटारच्या पिशवीपेक्षाही लहान वयाचा. त्याने गाणं ऐकलंच नाही. मोबाइलवर मला किती लोक फॉलो करतात, तेवढंच विचारलं. मी म्हटलं, मामी करते आणि माशांच्या खाद्याचं एक दुकान करतं. तो अगदी गोड हसला आणि म्हणाला, "बघू हं, मावशी." मावशी! परत येताना स्कूटरवर मी इतकी पेटले होते, की बांधावरच्या भूमिदेवाच्या देवळासमोरून जाताना मोठ्याने बोलून बसले, आता एकदाच कोणासमोर तरी गाईन, आणि त्याला आवडलं नाही तर गिटार गावच्या शाळेला देऊन तव्याकडे परत जाईन. त्या देवळासमोर बोललेला शब्द मागे घेता येत नाही, हे मी तुला सांगायला नको.

आता तेंगफा मामा. लाटेत सगळ्यांच्या तळ्यांतले सबाही मासे पांढरं पोट वर करून तरंगायला लागले, तेव्हा मामा भूमिदेवासमोर लोटांगण घालून बोलला होता, की माझे मासे वाचव, तुला बाहुल्यांचा खेळ देतो. मासे वाचले. (मामाचेच कसे वाचले यावर शेजारी अजून तोंड वाकडं करून आहेत.) पण खेळाच्या दिवशी बाहुलीवाल्या बुवांनी लाकडी सेनापती उचलला, त्याच क्षणी त्यांना शिंक आली आणि कंबर धरली. मामा धावत माझ्याकडे.

"पेइचन, तू गातेस ना? चल. देवाला काय, स्पीकर वाजला म्हणजे झालं."

मामी म्हणाली, "अहो, पण हिची गाणी रडकी असतात."

"असू देत. देव आहे तो, दिवसभर लोकांचं रडणंच ऐकतो. त्याला सवय आहे."

तर ताई, अशी माझी पुनरागमनाची मैफल. ट्रकवरचा मंच, तोंड गाभाऱ्याकडे, पाठ रस्त्याकडे. श्रोते म्हणजे समोर भूमिदेव, पायरीवर एक कुत्रा आणि मांडवाच्या कडेला मासे खवलणारी मामी. आपली जुनी चार गाणी तुझ्या जागा टाळून टाळून म्हटली. मग ते नवं, पोळ्या जाळणारं गाणं घेतलं, गारठलेल्या तळ्यावरचं. त्यात मधे दुसऱ्या आवाजासाठी दोन ओळींची जागा राहून गेली आहे. (जुनी खोड, दुसरं काही कारण नाही.) तिथे मी नुसतं "हं हं" करून वेळ मारून नेली आणि गाणं उरकलं.

मग नवस पोचला का हे विचारायला मामाने कौल लावला. चंद्रकोरीच्या आकाराच्या त्या दोन लाकडी फाका टाकल्या, तर दोन्ही उताण्या. एक उताणी, एक पालथी पडली असती तर होकार होता. दोन्ही पालथ्या म्हणजे सरळ नकार. दोन्ही उताण्या म्हणजे देव हसतोय. मामाने डोकं खाजवलं आणि निकाल दिला, "त्याला गाणं कळलं नाही. पुन्हा म्हण."

पुन्हा म्हटलं, सावकाश. देव हसला. शब्द बदलून म्हटलं. देव हसला. तोवर गावभर झालं, की तेंगफाच्या भाचीला देव ट्रकवरून खाली उतरू देत नाही. कालवं फोडणाऱ्या बायका बादल्या-सुऱ्यांसकट येऊन बसल्या. जो येईल तो शहाणपणा शिकवी. कोणी म्हणे वरच्या पट्टीत घे, कोणी म्हणे त्यातलं दुःख काढ, नव्या वर्षात बरं नव्हे. त्यांतली सगळ्यांत म्हातारी आजी मात्र म्हणाली, "पोरी, तुझ्या गाण्याला मधेच भोक आहे. तिथे काय होतं?"

मी म्हटलं, काही नाही. समोर देव, मागे गाव आणि मधे माझी तोंडाने घालवलेली गिटार. चौथ्यांदा म्हणताना त्या जागी मी "हं हं" केलंच नाही, गप्प राहिले. तर स्पीकरवरून गावभर तीनदा ऐकून पाठ झालेल्या त्या बायकांनी आपणहून ती चाल उचलली. प्रत्येकीचा सूर वेगळा, एकीचा तर गावाबाहेरचा. मला रडू आलं ताई, चांगलं हमसून आलं. त्यातच शेवटचं कडवं झालं आणि मामाने फाका टाकल्या.

देव हसला. मी पट्टा खांद्यावरून काढला.

तेवढ्यात मामी सुरी पुसत उठली. "अहो, तुम्ही देवाला नेमकं विचारताय तरी काय?"

"नेहमीचंच," मामा म्हणाला. "मी तेंगफा, बांधावरचं तिसरं घर, कबूल केल्याप्रमाणे बाहुल्यांचा खेळ केला, तो पोचला का?"

"बाहुल्यांचा? कुठायत बाहुल्या? मग देव हसणार नाही तर काय रडणार?"

वर्षानुवर्षांची जिभेची सवय! मामा उकडलेल्या खेकड्यासारखा लाल झाला. मग नीट, भाचीच्या गाण्यांचं नाव घेऊन विचारलं, तर लागोपाठ तीनदा होकार. बायकांनी बादल्या वाजवल्या. मामाने पहिल्यांदाच बरोबर विचारलं असतं, तर देवाने ते "हं हं"वालं गाणंही भिडेखातर पास केलं असतं आणि मी तेच घेऊन घरी गेले असते. तेव्हा गिटार माझ्याकडेच आहे, माझं उत्तम चाललंय आणि मला कोणाचीही गरज नाही. हे पत्र केवळ माहितीसाठी. वडीलधाऱ्यांना नमस्कार, सासूबाईंच्या गुडघ्याला शेक.

तुझी,
पेइचन

ता. क. भूमिदेवाचा वाढदिवस आता जवळ आला. बुवांची कंबर सुटली आहे, पण जेवणानंतरचा वेळ देवळाच्या मंडळाने आम्हाला दिलाय. ("आम्हाला" असं लिहून गेले. खोडलं तर पत्र घाण दिसेल.)

ता. क. तुझ्या अकॉर्डियनवर सासूबाई मुळ्याच्या चकत्या वाळत घालतात असं मावशी म्हणाली. झटकला तर वाजेल. त्या बायका हौसेने गातात, पण ती जागा त्यांची नाही.

ता. क. राहवलं नाही म्हणून काल मीच कौल लावला. माझं नाव, पत्ता, सगळं खणखणीत सांगून विचारलं, "तैचुंगची मानली ताई येईल का?" देव हसला. या वेळी प्रश्नात चूक नव्हती, मामीने आधी दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतला होता. म्हणून आता तुलाच विचारते. येशील ना?