बिनलोखंडी झाकण

२ नोव्हेंबर २०२५, रविवार. सकाळी ६.१०
आजपासून रोज लिहिणार. मोठ्या कामाची नोंद पाहिजे. पुढं लोक विचारतात, सुरुवात कशी झाली म्हणून.

सुरुवात अशी झाली. मोनाली, आमची मुलगी, जालन्याला सिव्हिलचा डिप्लोमा करून राह्यली. काल सुट्टीला आली. तिचा प्रोजेक्ट असा, की कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या कापायच्या, त्याचे बारीक तंतू काँक्रीटमध्ये मिसळायचे. काँक्रीट लवकर तडकत न्हाई. मी ताडकन उठून उभा राह्यलो. वीस वर्षं वडीगोद्रीत हायवेच्या कडेला खांब, गव्हाणी, गटाराची झाकणं करतोय, लोखंडाच्या सळया घालून. आता सळईच्या जागी बाटली! अर्धं जालना लोखंडाच्या कारखान्यांवर चालतं. त्यांचं वाईट वाटतं, पण इलाज न्हाई.

मोनाली म्हणाली, पप्पा, सळई लागतेच, तंतू फक्त मदतीला असतात. लहान आहे अजून.

४ नोव्हेंबर
शाळेच्या मुख्याध्यापिका द्वारकाबाई आल्त्या. शाळेसमोरचं गटार उघडं आहे, मागच्या आठवड्यात दुसरीतल्या एका पोरीचा पाय आत गेला. तीस झाकणं पाहिजेत. दुधाचा टेम्पो पण तिथूनच जातो, तेवढं वजन पेललं पाहिजे. ह्या ऑर्डरीसाठी दुसऱ्या गावचा एक कारखानदार पण बाईंच्या मागं लागलाय. मी तिथल्या तिथं जाहीर केलं: बिनलोखंडी झाकण देतो. १४ डिसेंबरला सगळ्यांसमोर डेमो. बाई म्हणाल्या, कडूबाभाऊ, बराबर जमेल ना? मी फक्त हसलो. हसणं चांगलं झालं.

६ नोव्हेंबर
हायवेवरच्या हॉटेलातून तीन पोती बाटल्या आणल्या. मोनालीच्या आईनं, सत्यशीलानं विचारलं, धुणार कोण? असल्या बारीकसारीक प्रश्नांनीच देशातलं संशोधन मागं पडतं. धुतल्या तिनंच.

९ नोव्हेंबर, रविवार
मोनालीनं घरचा वजनकाटा घेऊन माप काढलं. एका सिमेंटच्या पोत्याला पाव किलो तंतू. पाव किलो! एवढी तर आम्ही चटणी करतो. पाव किलोनं जे होतं ते पाच किलोनं वीसपट होणार. हे साधं गणित आहे, त्याला डिप्लोमा लागत न्हाई. तिला बोललो न्हाई. तिचं मन मोडू नये म्हणून एक साचा तिला दिला. तिनं सळई बांधली, पाव किलोच्या हिशोबानं तंतू टाकले, झाकण ओतलं. दिसायला साधंच.

१० नोव्हेंबर
मोनाली कॉलेजला गेली. आपलं झाकण ओतलं. लालमियाँ मदतीला होता. तो आमचा जुना मिस्त्री, घरचाच माणूस. पाच किलो तंतू टाकल्यावर मिक्सर घरघर करून थांबला. आत तंतूंचे गोळे झाल्ते. लालमियाँ वाकून बघत म्हणाला, "कडूबाभाऊ, झाकण बना रहे के शेवया?" मी म्हणालो, पाणी टाक. तो म्हणाला, "जादा पानी से कच्चा रहता." मी म्हणालो, टाक. दोन बादल्या लागल्या. मंग बिलकुल छान पसरलं.

१२ नोव्हेंबर
साचा खोलला. थोडी भोकं आहेत. हवेशीर म्हणता येईल. कडेनं तंतू बाहेर आल्ते. सत्यशीला म्हणाली, दाढी केलेली न्हाई वाटतं. वरून सिमेंटचा पातळ हात मारला. आता कुणाला कळणार न्हाई. लपवण्यासारखं काही न्हाई, फक्त दिसायला बरं.

२१ नोव्हेंबर
अंबडला लग्न होतं, तीन दिवस राह्यलो. मोनालीच्या झाकणावर सत्यशीलाच्या बहिणीनं येऊन पाणी मारलं. माझ्या झाकणावर मारू नका म्हणून मीच सांगितल्तं. काँक्रीटला पण स्वावलंबन पाहिजे.

१३ डिसेंबर
मोनाली सुट्टीला आली. माझ्या झाकणावर टिचकी मारून कान लावला. मंग म्हणाली, पप्पा, आज घरीच वाळूची पोती ठेवून बघू या. मी म्हणालो, ज्याचा स्वतःवर भरवसा न्हाई तो टेस्टिंग करतो. भाषण पाठ आहे. इस्त्रीचा शर्ट तयार.

१४ डिसेंबर, रविवार. दुपारी २.३०
गर्दी चांगली होती. दोन्ही झाकणं गटारावर मांडली. टेम्पो आधी माझ्या झाकणावर जाणार होता. पण मला वाटलं, भाषण झाकणावर उभं राहून केलं तर परिणाम वेगळा होतो.

"आजपासून लोखंडाचं युग," एवढं बोललो, आणि खालून कुर्रर्र आवाज आला. मी पडलो न्हाई. हळूहळू उतरलो. झाकण मधोमध मोडलं, पण दोन्ही तुकडे तंतूंना लटकून राह्यले, आणि मी त्यांच्यासोबत सावकाश गुडघ्यापर्यंत गटारात. पोरं टाळ्या वाजवत होती. त्यांना वाटलं, हाच डेमो.

लालमियाँनं हात देऊन वर काढलं. मंग टेम्पो मोनालीच्या झाकणावर चढला. भरलेला. थांबला. रिव्हर्स घेतला. पुन्हा चढला. झाकण जसंच्या तसं.

सगळे माझ्याकडं बघून हसत होते तेव्हा मोनाली पुढं आली. म्हणाली, "बघा, पप्पांचं झाकण मोडलं, पण तुकडे सुटले न्हाईत. नुसतं साधं असतं तर पाय मोडला असता. सळई भार घेते, प्लास्टिक धरून ठेवतं." द्वारकाबाईंनी वाकून तंतू ओढून बघितले. निघाले न्हाईत.

संध्याकाळी ७
सत्यशीलानं गरम पाणी दिलं. पायाला खरचटलंय एवढंच. मोनाली एवढी बोलते कधीपासून? मला माहीतच नव्हतं. आज तिच्याकडं बघत असताना भाषणाचं राहिलेलं सगळं विसरलो.

१७ डिसेंबर
ऑर्डर आली! तीसच्या तीस. द्वारकाबाईंनी एकच अट घातली: माल मोनालीच्या मापानं, आणि कडूबाभाऊंनी मिक्सरला हात लावायचा न्हाई. बराबर आहे. मालकानं हात लावायचा नसतोच. मोनालीनं मला तंतू विभाग दिला. पूर्ण विभाग, एकट्याचा.

२३ डिसेंबर
बाटल्या कापल्या.

२४ डिसेंबर
बाटल्या कापल्या. अंगठ्याला फोड. मोनालीनं विचारलं, एक पट्टी बोटाएवढी आणि एक हाताएवढी का? मी म्हणालो, प्रयोग चालू आहे. तिनं विभाग लालमियाँला दिला.

३० डिसेंबर, मंगळवार
बारा झाकणं तयार. शाळेसमोर पहिली चार बसली, पोरी वरून उड्या मारत गेल्या. मोनालीची सुट्टी संपेपर्यंत बाकीची पण होतील. लालमियाँला सांगून टाकलं, मी आता सल्लागार आहे. तो बाटली कापता कापता म्हणाला, "किसके?" मी म्हणालो, सगळ्यांचा. तेवढ्यात मोनालीनं हाक मारली, पप्पा, पाच चहा आणता का?

आणायला गेल्तो. वाटले. एक कमी पडला, माझाच.