अर्थिंगचं पाणी

६ एप्रिल १९८७, सोमवार

पोचले एकदाची. बार्शीहून उस्मानाबादकडच्या वाशीपर्यंत एसटी, पुढची गाडी चुकली म्हणून दूध संघाच्या टेम्पोत रिकाम्या कॅनांमध्ये बसून. कॅन वाटभर जावा-जावांसारखे भांडत होते. मॅनेजर आबाराव फाटकातच उभे होते. ड्रायव्हरला म्हणाले, कॉम्प्युटरबाईंना नीट उतरव रे, दुधाचा कॅन न्हाय तो! सगळे हसले, मीही हसले. खूप दिवसांनी.

ऑफिसच्या मागं एक खोली दिलीय. एक खिडकी, एक फळी, भिंतीला चार खुंट्या. तीन माझ्या, एक लेकीची, चांगूची, असं आल्या आल्या ठरवून टाकलं.

एक मे रोजी चेअरमनसाहेब कॉम्प्युटर यंत्राचं उद्घाटन करणार आहेत. तोवर यंत्र नीट चाललं तर मी कायम आणि खोलीही कायम. मग जूनमध्ये चांगूला इथल्या शाळेत दुसरीत घालायचं. हे गेल्यापासून ती माझ्या आईकडे, बार्शीला. निघताना गल्लीच्या टोकाला जाऊन मी उगीचच तिला एक हाक मारली. आतून लगेच ‘ओ’ आली. ही पोर कुठंही असो, जेवत असो नाहीतर झोपेत असो, हाकेला ओ दिल्यावाचून राहत नाही.

८ एप्रिल

यंत्र सुरू होतं आणि होतही नाही. बटण दाबलं की पंखा घुमतो, पडद्यावर हिरवे आकडे चढत जातात, फ्लॉपीचा खण खर्र खर्र करतो. रिकाम्या हंड्याचा तळ वाटीनं खरवडावा तसा आवाज. मग सगळं थांबतं. कोपऱ्यात एक हिरवी रेघ लुकलुकत राहते. पुढं काही नाही.

दोन दिवस हेच चाललंय. वायरी काढून पुन्हा लावल्या. कुंचल्यानं धूळ काढली. इथली धूळ पिठासारखी बारीक, खिडकी बंद असली तरी येते. फ्लॉपी बदलून पाहिली. स्टॅबिलायझरचा काटा बघितला. यंत्राच्या पेटीला हात लागला की कोपरापर्यंत झिणझिण्या येतात.

दुपारी ऑफिस रिकामं होतं. तेरखेड्याच्या फटाका कारखान्यांकडून बार ऐकू येतात, तेवढीच सोबत.

१० एप्रिल

आज वायरमन दगडोबा आले. त्यांनी अर्थिंगच्या तारेला होल्डरमधला बल्ब लावून पाहिला. तो जेमतेम मिणमिणला. म्हणाले, बाई, तुमच्या मशिनला काय बी झालं न्हाय, अर्थिंग मेलंय. माझ्या खोलीच्या मागं, बाभळीखाली एक खड्डा आहे. त्यात तांब्याची पट्टी पुरलेली असते. भटकलेला करंट त्या पट्टीतून जमिनीत जातो, पण जमीन ओली पाहिजे. दोन सालं पाऊस नाही, जमीन ओली कुठून असणार? त्यांनी खड्ड्यात कोळसा आणि पाच किलो खडेमीठ घातलं आणि रोज बादलीभर पाणी ओतायला सांगितलं.

टँकर तीन दिवसांनी येतो. माझ्या वाट्याला दोन घागरी. त्यातली एक खड्ड्यात ओतली. पाणी पसरलं नाही. कुणी ओंजळ लावून प्यावं तसं सरळ आत गेलं.

आणि यंत्र सुरू झालं! खर्र खर्र झालं, मग पडद्यावर ‘नाव?’ असा शब्द आला. अक्षरं इंग्रजी, शब्द आपला. चालवणाऱ्यानं रोज आधी आपलं नाव घालायचं असतं. ‘गुलाब’ टाइप करताना हात थांबले. इथं आल्यापासून मला नाव कुणी विचारलंच नव्हतं. सगळे बाई म्हणतात.

लगेच आईला पत्र टाकलं. चांगूची परीक्षा संपली की रविवारी, सव्वीसला, तिला घेऊन ये.

१४ एप्रिल

आज जयंतीची सुट्टी. बार्शीला चांगू निळा फ्रॉक घालून मिरवणुकीत असेल. मी सकाळी बाबासाहेबांच्या फोटोला फूल वाहिलं, भात खाल्ला, भांडं घासलं. दहा वाजले होते. पुढचा दिवस तसाच पडलेला.

म्हणून ऑफिस उघडलं. यंत्रानं नाव विचारलं. कुणी नव्हतं, गंमत म्हणून ‘चांगुणा’ घातलं. हिरव्या अक्षरांतलं तिचं नाव किती वेळ बघत बसले. खण आज खूप वेळ खरवडत होता.

१७ एप्रिल

सरुबाई ऑफिस झाडते, पाणी भरते. आज बाभळीखाली मिठाचं पोतं बघून माझ्यावर उखडली. मीठ कुणी घालाय सांगितलं? मिठानं तहान लागती, एवढं बी कळंना व्हय शिकल्याल्या माणसास्नी? मी म्हटलं, दगडोबांनी सांगितलं. तर म्हणाली, दगडोबाला काय ठावं, त्यो कळंबचा.

मग तिथंच फतकल मारून बसली आणि सांगितलं. जिथं हा खड्डा, तिथं आधी आड होता. बहात्तरच्या दुष्काळात तळाशी वाटी-वाटीनं पाणी जमायचं. तिथं मोठं माणूस मावेना, म्हणून लेकरांना दोर बांधून सोडायचे. लेकरू वाटीनं घागर भरायचं. वरून घडीघडी नावानं हाक मारायची, खालून ओ यायची. ओ आली म्हणजे लेकरू बरं आहे. सरुबाईची लेक पुतळा सात वर्षांची होती. एकदा आत दरड कोसळली. सरुबाई हाका मारत राहिली, ओ आली नाही. पुढं आड बुजवला. संघानं जागा घेतली.

तेव्हापासून ती रोज तांब्याभर पाणी तिथं ओतते. आतापर्यंत तेवढ्यात लेकराचं भागत होतं, म्हणाली.

मी तिचा हात धरला.

२० एप्रिल

एका घागरीनं आता यंत्र सुरू होत नाही. दोन्ही ओतल्या. संध्याकाळपर्यंतचा वेळ मी आबारावांच्या चहावर काढला.

खड्ड्यातलं मीठ काढायला गेले. हातभर उकरलं तरी एक खडा सापडला नाही. सगळं पिऊन झालंय.

यंत्र ‘गुलाब’ घेत नाही. तीनदा घातलं, तीनदा पुन्हा ‘नाव?’. शेवटी ‘चांगुणा’ घातलं. लगेच पुढं गेलं. आबाराव म्हणाले, मशिनला बी लेकराची माया लागली म्हणायची. मी हसले नाही.

२२ एप्रिल

सकाळपासून लाइट नाही. मी प्लग काढून हातात धरला होता. तरी खर्र— खर्र—

आवाज खणातून येत नाही. जमिनीतून येतो. वाटी दगडावर घासतेय.

पडद्यावर एकच ओळ. मी लिहिलेली नाही.

चांगुणा कधी येणार?

आईला दुसरं पत्र टाकलं. येऊ नका. पोस्टात जाऊन बार्शीला ट्रंककॉल लावला, आईच्या शेजारच्या दुकानात. दोन तास बसले. लागला नाही.

२४ एप्रिल

आजच स्वतः बार्शीला जाऊन त्यांना थांबवते, असं आबारावांना सांगितलं. म्हणाले, उद्या चेअरमनसाहेब बघायला येणार, गेलात तर परत येऊ नका. पुढं मऊ आवाजात म्हणाले, एकटं राहून माणसाला असं होतं.

तरी जाणार होते. फाटकापर्यंत गेले आणि घेरी आली. चार दिवस पोटात धड पाणी नाही. सरुबाईनं आणून खाटेवर निजवलं.

तिला विचारलं, तुम्हालाही ऐकू येतं का? म्हणाली, व्हय. रोज भर दुपारी. पुतळा आय म्हणून हाक मारती. पंधरा वर्सं ऐकते बाई, म्या ओ दिली न्हाय. दिली असती तर कवाच तिच्याकडं खाली गेले असते. पर मग तिला पाणी कोण वतल?

तुम्ही बी ओ देऊ नगा, म्हणाली. कुणाच्या बी आवाजात आली तरी.

२५ एप्रिल

टँकर आला नाही. मला खाटेवरून उठवत नाही.

चेअरमनही आले नाहीत.

दुपारी बाभळीकडून कुणीतरी हाक मारत होतं. गुलाब नाही. बाई नाही. चांगू— चांगू— असं.

आवाज माझा होता. आडातली ती शिकत होती. आधी चुकत, मग अगदी—

२६ एप्रिल, रविवार

अकराच्या एसटीनं आल्या दोघी. दुसरं पत्र मिळालंच नाही म्हणे. चांगू धावत येऊन बिलगली. निळा फ्रॉक. उन्हानं आई थकलीय, खोलीत पडलीय. परतीची गाडी तीनला. आता एक वाजलाय. तीनच्या गाडीनं आम्ही तिघी जाणार. खोली नको. काही नको.

चांगूला घेऊन फाटकाच्या पायरीवर बसलेय. बाभूळ इथून दिसत नाही. लिहीत राहिलं की वेळ सरतो. एका हातात तिची वेणी धरलीय.

तिला सांगितलं, कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. खेळ आहे. म्हणाली, तू मारलीस तरी? म्हटलं, मी मारली तरी. हसली. म्हणाली, तू मारलीस तर देणार की गं.

ऑफिसला कुलूप. आत पंखा घुमतोय. खर्र—

सरुबाई घागर घेऊन धावत बाभळीकडं गेली. पाणी कुठून आणलं—

दीड.

हाक आली. चांगू— अशी. माझा आवाज. मी ओठ दातांत धरलेत, मी तोंड उघडलेलं नाही. चांगूनं तिकडं मान वळवली, मग माझ्याकडं पाहिलं— मी मान हलवतेय, नको, नको बाळा— ती हसली, तिनं ओ